फिटरच्या ट्रंकेतला तवा

लोणावळे, रविवार, ता. ३ एप्रिल १९३२

चि. मारुती यास हौशीरामचे आशीर्वाद.

आज दवाखाना दुपारपर्यंत होता. खोकल्याचे रोगी जास्त होते, एकाला विंचू चावला होता. डॉक्टर लवकर गेले. मी बाटल्या धुऊन, कुलूप लावून घरी आलो. कपडे धुतले. जेवण खानावळीतून आणले.

तुझे पत्र काल मिळाले. अक्काचे मी माघात कळवले होते, त्यावर तुझ्याकडून काही आले नव्हते, म्हणून पत्र बसऱ्याला पोहोचले की नाही अशी शंका होती. पोहोचले हे आता कळले. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस. मीही जास्त लिहीत नाही. शेवटी तिला फार त्रास झाला नाही.

आता तुझ्या कामाचे. पत्र दोनदा वाचले, तेव्हा नीट कळले. तू गेलास फिटर म्हणून, पण मुंबईच्या कचेरीने दिलेल्या परवान्यावर धंद्याच्या जागी 'स्वयंपाकी' असे लिहिलेले आहे. तुला इंग्रजी येत नसल्यामुळे ते बसऱ्याला उतरल्यावर कळले. रेल्वेच्या कारखान्याच्या फाटकावर परवाना पाहून त्यांनी तुला इंजिनाकडे न पाठवता साहेबांच्या मेसमध्ये पाठवले, आणि दिवाळीपासून तू तिथे रांधतो आहेस. परवान्यावरचे सोडून दुसरे काम केले तर परत पाठवतात. मुंबईच्या कचेरीखेरीज दुसरे कोणी ते दुरुस्त करू शकत नाही. फिटरला खोली मिळते आणि बायकोला नेता येते. स्वयंपाक्याला मेसच्या मागची पडवी, आणि बायकोला परवानगी नाही.

शालूबाई टाकव्याला सासरी मामींजवळ आहे आणि तुझ्या खोलीची वाट पाहते आहे. तेव्हा हे दुरुस्त झालेच पाहिजे. मी प्रयत्न करतो.

तुझे म्हणणे असे की, अक्काने त्या दिवशी हत्यारे नेऊ दिली असती तर हे झाले नसते. ते खरे आहे. मुंबईला हजर होण्याची तार आली तेव्हा खंडेनवमीची पूजा होऊन गेली होती. पूजेला मांडलेले हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचे नाही, हे तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. मी दवाखान्यातून आलो तेव्हा तुमचे बोलणे होऊन गेले होते. तुझे पाने, कानशी आणि हातोडी चौरंगावर होती, तुझे तोंड फुगलेले होते आणि अक्का तुझी ट्रंक भरत होती. ट्रंक रिकामी जाऊ नये म्हणून तिने आपल्या चुलीवरचा तवा घातला. उलथने, पळी, पितळेचा खलबत्ता, मसाल्याचा डबा आणि तांदळाचे पीठही घातले. तिकडे तवा मिळेल न मिळेल, असे म्हणाली.

मुंबईच्या साहेबाने धंदा तपासायला ट्रंक उघडायला लावली आणि आत हे निघाले. इथल्या घाटात विजेची इंजिने आल्यापासून तू घरी बसलेला, त्यामुळे हातही स्वच्छ. मी त्या साहेबाच्या जागी असतो तर मीही स्वयंपाकीच लिहिले असते.

मेसचे साहेब म्हणतात की अन्न सुधारले नाही तर परत पाठवू. एकदा परत आलास तर पुन्हा जाणे होणार नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तुला तिथे टिकले पाहिजे, आणि टिकायचे तर रांधता आले पाहिजे. अक्काची आमटी कशी करायची हे तू मला विचारले आहेस. मला माहीत नाही. मी फक्त खात होतो. पुढच्या रविवारी टाकव्याला जाऊन मामींना विचारतो.

तुझी हत्यारे घरात आहेत. काळजी करू नये.

हौशीराम


लोणावळे, रविवार, ता. ८ मे १९३२

चि. मारुती यास आशीर्वाद.

आज हवा गरम आहे. मुंबईचे लोक बंगल्यांतून राहायला आले आहेत, त्यामुळे दवाखान्यात पोटदुखीचे रोगी वाढले. दुपारी झोपलो नाही. तुझ्यासाठी आमटी करून पाहिली.

टाकव्याला दोन वेळा जाऊन आलो. कान्ह्याला उतरून चालत गेलो. मामी अंगणात हुलगे पाखडत होत्या. तुझे पत्र मी सगळे वाचून दाखवले. तुला वाटले असेल की त्या रडतील. त्या सूप खाली ठेवून हसल्या.

"माजा मारुती सैपाकी? ह्याला चुलीम्होरं बशीवला तर म्हनायचा, आये, धूर डोळ्यात जातोय. आन इंजनात काय अत्तर जळत हुतं व्हय रं?"

शालूबाई आतून म्हणाली, "लगीन झाल्यावर एकदा चहा केलता त्यांनी. मीठ घालून."

"प्यालीस का?"

"प्याले की. नवीन हुते."

मग मामींनी मला विचारले, "झुंबरनं तवा घातला म्हंता. कंचा तवा? जाड बुडाचा?"

मी हो म्हणालो.

"त्यो मीच दिलता तिला. लगनात." आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागल्या.

आमटीचे विचारले, तर सगळे अंदाजाने. मीठ किती, तर अंदाजाने. तिखट किती, तर तोंडाला पाणी सुटेल एवढे. मी म्हणालो की पत्रात असे लिहिता येणार नाही, मारुतीचा अंदाज आपल्याला माहीत आहे. मामी म्हणाल्या, "जावईबापू, तुमी आजपातुर मीठ कवा हातात धरलंय का?" मी धरलेले होते, पण गुळण्यांच्या औषधासाठी.

म्हणून दुसऱ्या वेळी दवाखान्याचा लहान तराजू रुमालात बांधून नेला. मामींनी मूठ भरायची, मी ती तराजूत ओतायची आणि लिहून घ्यायचे, असे केले. दोन मुठी सारख्या निघेनात. तेव्हा मामी चिडल्या. "मुठीला काय साचा असतो व्हय?" म्हणाल्या. मी तीन मुठींची सरासरी काढली. शालूबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

सोबतच्या कागदावर आमटी लिहिली आहे. मसूर, खोबरे आणि कांदा औंसात आहेत, मीठ, तिखट आणि मसाला ड्रॅममध्ये (आठ ड्रॅमचा एक औंस). शिजण्याचा वेळ घड्याळ लावून लिहिला आहे. कृपा करून अंदाज वापरू नये. करून पाहिल्याशिवाय पाठवायचे नाही असे ठरवले होते. पहिल्या वेळी तळाला लागली. आज बरी झाली. शेजारच्या धोंडाबाईंना वाटीभर दिली. त्या म्हणाल्या, "झुंबरसारखी न्हाई. पन मान्सं मरायची न्हाईत." दवाखान्यात आम्हीही रोग्याला याहून जास्त सांगत नाही.

भाकरी अजून जमत नाही. घरात तवा नाही, धोंडाबाईंचे खापर उसने आणतो. बाजारात तवे पाहिले, पण पातळ आहेत.

अर्ज गेला. आधी नूरमहंमद मिस्त्रींकडे गेलो होतो. शेडमध्ये तुला काम शिकवले त्यांनी, तेव्हा दाखलाही त्यांचाच हवा. हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्याच्या हातचा चहा मी प्यायलोय. तो इंजिनाला पाजावा, माणसाला नको. आणि त्याला बावर्ची केला? तिकडचे साहेब जिवंत आहेत ना?" मग त्यांनी दाखला सांगितला, डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिला, आणि अर्जाला जोडून मुंबईला पाठवला.

आमटी चांगली कर आणि टिकून राहा.

हौशीराम


लोणावळे, रविवार, ता. २९ मे १९३२

चि. मारुती,

आज विशेष काही नाही. सकाळी दवाखाना, दुपारी हे पत्र.

तुझे पत्र वाचून काळजी वाटली. आमटी कागदाप्रमाणे केलीस, साहेबांनी दोनदा वाढून घेतली, आणि आता शनिवारी ते पाहुणे बोलावतात, असे तू आनंदाने लिहिले आहेस. मारुती, तुला टिकून राहायला सांगितले होते. इतके चांगले करायला सांगितले नव्हते. चांगला स्वयंपाकी कोण सोडील?

यापुढे आमटी साधारण करावी, असे तुला कळवण्याचा माझा विचार होता. तो मी मामींना बोलून दाखवला. त्या माझ्याशी तासभर बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "माजी आमटी मुद्दाम नासवायची? माज्या आयनं मला शिकीवली, मी झुंबरला शिकीवली. ती बसऱ्याला जाऊन नासनार व्हय? पोरगं जन्मभर सैपाकी ऱ्हायलं तरी चालंल."

शालूबाई म्हणाली, "चालंल कसं, आत्याबाई?"

मामी म्हणाल्या, "बरं, न्हाई चालत. पन आमटी नासवायची न्हाई."

तेव्हा आमटी आहे तशीच चालू ठेव. मुंबईहून उत्तर आले आहे. मिस्त्री आता नोकरीत नाहीत म्हणून त्यांचा दाखला पुरेसा नाही, कोणी समक्ष येऊन पुरावा दाखवावा, असे लिहिले आहे. मी रजा काढून जातो.

हौशीराम


लोणावळे, रविवार, ता. २६ जून १९३२

चि. मारुती यास आशीर्वाद.

आज दवाखान्यात ओल फार आली, पुड्यांचे कागद चुलीजवळ वाळत घातले. संध्याकाळी दिवा लावून लिहायला बसलो आहे. पत्र लांब होईल.

बुधवारी मुंबईला जाऊन आलो. एकटाच जाणार होतो. मंगळवारी संध्याकाळी मामी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तुमी जाल, गप उभं ऱ्हाल, आन साहेब म्हनंल त्याला व्हय म्हनून माघारी याल," असे म्हणाल्या. यात खोटे काही नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो.

सकाळी फलाटावर विजेचे इंजिन त्यांनी जवळून पाहिले. "ह्येला धूर न्हाई, आग न्हाई, कोळसा न्हाई. ह्येला फिटर कशाला लागंल? नुसतं पुसून ठिवायचं." मग बोगद्यात अंधार झाल्यावर माझी बाही धरली आणि उजेड आल्यावर सोडली. 

कचेरीत बाकावर बराच वेळ बसवले. आत साहेब होता, चष्मा लावलेला, आवाज हळू. शेजारी आपल्याकडचा एक कारकून उभा होता, तो दोन्ही बाजूंचे बोलणे सांगत होता. साहेबाने तुझा कागद काढला. कारकून म्हणाला, "साहेब म्हणतात, बसऱ्याहून यांच्याबद्दल मेसचा शेरा आलेला आहे. उत्तम स्वयंपाकी. असा माणूस मेसला यापूर्वी मिळाला नव्हता. मग आमची चूक कुठे झाली?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात मामी बोलल्या.

"साहेबाला म्हनावं, ती आमटी माज्या लेकाची न्हाई, माजी हाय. ह्यांनी मोजून धाडली. जावईबापू, काडा की त्यो कागद."

आमटीच्या कागदाची नक्कल माझ्या खिशात होती. का होती ते सांगता येत नाही, पण होती. साहेबाने ती हातात घेतली आणि औंस-ड्रॅम पाहून मला इंग्रजीत विचारले, हे कोणत्या रोगावरचे औषध? मी मोडक्या इंग्रजीत सांगितले की ही डाळ आहे. साहेब प्रथम माझ्याकडे आणि मग कागदाकडे पाहत राहिला. नंतर हसला.

"ह्येंच्या मापानं केली तर साहेब बी सैपाकी व्हईल," मामी म्हणाल्या. कारकुनाने हेही सांगितले असावे, कारण साहेब पुन्हा हसला. मग मामी म्हणाल्या, "माजी लेक गेली माघात. तवापास्नं ह्ये जावई घरात रांधत्यात. मंग ह्येंच्या कागदावर बी सैपाकी लिवनार का तुमी? मानूस येळ आली की रांधतो. त्यानं त्येचा धंदा बदलतो व्हय?"

कारकून हे सांगताना जरा अडखळला. साहेबाने माझ्याकडे पाहिले. मी हत्यारांचे गाठोडे सोडत होतो, त्याची गाठ घट्ट बसली होती.

पाने, कानशी, हातोडी, छिन्न्या, सगळे टेबलावर मांडले. साहेब म्हणाला, हत्यारे कोणीही आणू शकतो, यावरून काय सिद्ध होते?

मामींनी कारकुनाकडून अर्थ समजून घेतला आणि म्हणाल्या, "तवा बी कुनीबी आनू शकतंय की. तवा बगून तर लिवलंत."

साहेबाने एक पाना उचलून पाहिला. मग त्याने विचारले, माणूस फिटर होता तर त्या दिवशी ही हत्यारे ट्रंकेत का नव्हती? हे मात्र मी सांगितले. त्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारे पूजेला बसली होती, घरच्यांनी उचलू दिली नाहीत.

कारकुनाने हे साहेबाला सांगायच्या आधी मलाच विचारले, "खंडेनवमीला आले होते हे?" मग तो टेबलावरचा तुझा कागद उलटा करून आपलेच अक्षर पाहत राहिला. "त्या दिवशी माझा लिहायचा टाकसुद्धा घरी पूजेत होता. साहेबांचा टाक उसना घेऊन लिहिलं मी हे. लिहिताना मनात आलं होतं की माझी बायको पाहील तर काय म्हणेल." त्यानंतर तो साहेबाशी बराच वेळ बोलला. पूजेबद्दल सांगत होता, हे हातवाऱ्यांवरून कळत होते. आमच्या बाजूने एवढे मीही बोललो नव्हतो.

ठरले ते असे. साहेब बसऱ्याच्या कारखान्याला लिहील की, या माणसाची त्याच्या स्वतःच्या हत्यारांनी इंजिनावर परीक्षा घ्यावी. तू उतरलास तर परवाना दुरुस्त करून फिटर लिहितील. नाही उतरलास तर स्वयंपाकी हेच कायम, आणि पुन्हा अर्ज चालणार नाही. म्हणजे आता सगळे तुझ्या हातांवर आहे. भांडी घासून हात मऊ झाले असतील तर आतापासून सराव ठेव.

बाहेर आल्यावर मामींनी भजी मागितली. खाऊन म्हणाल्या, "पीठ जुनं हाय." पण सगळी संपवली.

हौशीराम


लोणावळे, रविवार, ता. १० जुलै १९३२

चि. मारुती,

हत्यारे निघाली. मिस्त्रींचा पुतण्या गुलजार बसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे, त्याच्याबरोबर पाठवत आहे. बंदरावर येऊन त्याला भेट. मेसमध्ये सांगून ये, नाही तर जेवण खोळंबेल.

बांधण्याआधी मिस्त्रींनी गाठोडे आपल्या ओसरीवर उघडून एकेक हत्यार उजेडात धरून पाहिले. कानशीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हौशीरामभाऊ, या गावच्या पावसात भिंतीतला खिळा गंजतो. याच्यावर डाग नाही. तेल कोण लावतं याला?"

मी सांगितले की अक्का लावत असे. दसऱ्याच्या सकाळी तिने ती चौरंगावरून उचलली, पुसली आणि तुझा पत्ता आला की पाठवायची म्हणून जुन्या लुगड्यात बांधली. मग दर शनिवारी गाठोडे सोडून तेल लावायची. आजारी होती तेव्हाही.

"पण ती तर माघात गेली," मिस्त्री म्हणाले.

मी हो म्हणालो. त्यांनी कानस परत जागेवर ठेवली. गाठोडे स्वतः बांधले आणि वर मेणकापड गुंडाळले.

तुझ्या मनात काही राहू नये म्हणून एक लिहितो. तू स्टेशनावर तिच्याशी बोलला नाहीस. गाडी गेल्यावर मी तिला म्हणालो की मारुती रागावला. ती म्हणाली, "रागावला न्हाई, उपाशी हाय त्यो. सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई. डब्यातल्या दशम्या खाल्ल्या की निवळंल." खंडाळा येईपर्यंत निवळशील असा तिचा हिशेब होता. कुठे निवळलास ते मला माहीत नाही. पण तिने ते मनाला लावून घेतले नव्हते.

लुगडे परत पाठवण्याची गरज नाही.

हौशीराम


लोणावळे, रविवार, ता. २८ ऑगस्ट १९३२

चि. मारुती यास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी दवाखान्यातून परस्पर टाकव्याला गेलो. आत्ताच परत आलो. कपडे ओले आहेत ते बदलून लिहितो आहे.

तुझे पत्र मी वाटेत उघडले नाही. मामी आणि शालूबाई भाताच्या खाचरात होत्या. बांधावर छत्री धरून, त्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचले. मला मोठ्याने वाचायची सवय नाही. शेजारच्या खाचरातले लोकही उभे राहून ऐकत होते.

वाफ गळणारे इंजिन तुझ्यापुढे ठेवले, आणि तू आधी हत्याराला हात न लावता नुसता कान देऊन उभा राहिलास, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबाला वाटले की स्वयंपाक्याला काही कळत नाही, इथपर्यंत आलो आणि शालूबाई चिखलात खाली बसली. मी वाचायचा थांबलो. मामी ओरडल्या, "थांबता कशाला? म्होरं वाचा. गळती घावली का न्हाई?"

गळती सापडली. पाना लागला. संध्याकाळी इंजिन वाफेवर उभे राहिले. साहेबाने सही केली. फिटर हा शब्द मी दोनदा वाचला. पत्रात एकदाच होता.

मामी म्हणाल्या, "कान दिऊन ऐकायचं त्यो ल्हानपनी बी. कुटं काय शिजतंय, त्येवढं सोडून." शालूबाई चिखलातून उठली. घरी जाऊन तिने सगळ्यांना गूळ वाटला, मला दोनदा दिला. मिस्त्रींना मी येताना कळवले. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, तो इंजिनासाठी आहे. आता मेसवाल्यांची मला दया येते."

मेसच्या साहेबांनी तुला निरोप देताना माझा कागद मागून घेतला आणि नवा स्वयंपाकी त्यावरून आमटी करतो, हे वाचून बरे वाटले. फक्त मीठ ड्रॅममध्ये आहे हे त्याला नीट समजावून सांग. औंस धरले तर मोठा घोटाळा होईल.

मुंबईच्या कारकुनाचे कार्डही कालच आले. दुरुस्ती झाली आणि खोली मिळाल्याचा कागद आला की शालूबाईचाही परवाना देतील, असे लिहितो. खाली स्वतःहून लिहिले आहे की, या खेपेस आपल्याच टाकाने लिहिले.

हौशीराम


लोणावळे, दसरा

चि. मारुती आणि चि. सौ. शालूबाई यांस आशीर्वाद.

आज दवाखाना बंद आहे. सकाळी आंघोळ करून झेंडूचे तोरण बांधले. धोंडाबाईंनी फुले दिली. बाजारातून आपट्याची पाने आणली, त्यातली दोन या पत्रात घातली आहेत, एकेक घ्या.

शालूबाई सुखरूप पोहोचली असेल. बंदरावर मामी बोट हलेपर्यंत सूचना देत होत्या. पुण्याच्या एका फिटरची बायको त्याच बोटीने होती, तिलाही सूचना दिल्या. परत येताना गाडीत म्हणाल्या, "आता घरात मी एकटी, आन तुमी हितं एकटं." मी म्हणालो, रविवारी येत जाईन. त्या म्हणाल्या, "या. पन तराजू आनू नका." बोगद्यात या वेळी त्यांनी बाही धरली नाही, पण माझ्या अगदी जवळ सरकून बसल्या.

गुलजार परवा येऊन तवा देऊन गेला. शालूबाई आपला तवा आणते आहे, अक्काच्या तव्याची जागा लोणावळ्यातच, असे तू लिहिलेस. मी बाजारात पुन्हा तवे पाहणार होतो. आता पाहायला नकोत.

बुडाला बाहेरून तुझ्या मेसची काजळी होती. राखेने घासली. आतून घासला नाही. आतून तो जसा होता तसाच राहू दिला.

काल खंडेनवमीला चौरंग मांडला. तुझी हत्यारे नव्हती, म्हणून मोकळा दिसत होता. डॉक्टरांना विचारून दवाखान्याचा लहान तराजू आणला होता, तो ठेवला. माझी कात्री ठेवली. मग तवा ठेवला. तवा हत्यारांत धरतात की नाही हे मला माहीत नाही, मामींना विचारायचे राहून गेले. फूल वाहिले, हळदकुंकू लावले.

पूजेला बसल्यावर तो उचलता येईना. त्यामुळे काल भाकरी झाली नाही. दूध-पोहे खाल्ले. तू उपाशी गाडीत बसलास त्याची आठवण झाली. दशम्या तू कुठे खाल्ल्यास, ते कधी लिही.

तुझी हत्यारे काल तिकडे पूजेला बसली असतीलच. शालूबाई असल्यावर तू ती उचलू शकणार नाहीस.

आज सकाळी तवा उचलला. हळद पुसली नाही, ती आपोआप जळेल. चूल पेटवून तो वर ठेवला आहे. पाणी उकळले आहे, तांदळाचे पीठ परातीत काढले आहे. मामी म्हणतात पाणी अंदाजाने घालायचे. तराजू अजून चौरंगावरच आहे, तो तिथेच राहू देतो. हात धुऊन पीठ मळायला बसतो.